लॅपटॉपला लावलेलं कुंकू

आमच्या साखरखेर्ड्याला मोबाइल मिळतात, फवारणीचे पंप मिळतात, मिक्सर मिळतात. लॅपटॉप मात्र मिळत नाही. त्यासाठी एसटीनं मोठ्या गावाला जावं लागतं. तिथं एक दुकान आहे. काचेचं दार, आत गार हवा, आणि पाय टाकला की कोणीतरी 'वेलकम सर' म्हणतं. म्हणणाऱ्याचं तोंड आपल्याकडे नसतं. दुकानाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहून काही होणार नाही, आणि असं एखादं दुकान प्रत्येकाच्या वाटेवर असतंच. पण त्या दसऱ्यापासून मी त्या रस्त्यानं गेलो की मान दुसरीकडे वळवतो, आणि तरी डोकं तापायचं ते तापतंच.

लॅपटॉप माझ्या धाकट्या बहिणीला हवा होता. ती त्या उन्हाळ्यात सासर सोडून घरी आली होती. तिचं सासर लोणार तालुक्यात, सुलतानपूरच्या पुढे. माणसं खाऊनपिऊन सुखी. तिला तिथं कोणी मारत नव्हतं, उपाशीही ठेवत नव्हतं. मूल होत नाही म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं होतं, एवढंच. ताट वाढलेलं असायचं, पण जेवायला ये असं कोणी म्हणायचं नाही. काही सांगायचंच असलं तर सासू तिच्यासमोर उभी राहून दुसऱ्या कोणाला सांगायची, "दळण संपलं म्हणावं." दुसरं कोणी नसलं तर भिंतीला सांगायची. नवराही तसाच. एवढ्या मोठ्या घरात वर्षभर तिला कोणी नावानं हाक मारली नाही. घरी आली त्या दिवशी आईनं ओट्यापासून तिच्या नावानं हाक मारली, तर ही दचकली. मी तिथंच होतो. ते दचकणं मी पाहिलं आणि ठरवलं की हिला परत धाडायचं नाही.

पण आमच्या घरात ठरवणारा मी एकटा नव्हतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. वांगी, मिरची, गवार पिकवायची आणि बाजाराला न्यायची, हे आई आणि मी पाहतो. बाकी मोठ्या गोष्टी थोरले काका पाहतात. काका वाईट माणूस नाही. चार लोकांत मान खाली घालायची वेळ येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असते, आणि त्या इच्छेखाली कोण चेंगरतं हे ते बघत नाहीत.

बहिणीनं लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. गावात बाजारचौकात एक छापखाना आहे. त्याच्या मालकाकडे ती तेव्हा मधूनमधून लग्नपत्रिका जुळवून द्यायची. आमच्याकडची पत्रिका म्हणजे साधी गोष्ट नाही. आजोबांपासून चुलत आतेभावापर्यंत सगळ्यांची नावं त्यात बसवायची, कैलासवासी कोण आणि हयात कोण ते नीट ठेवायचं, आणि एक नाव सुटलं तर भर मांडवात भांडण. माझ्या बहिणीच्या हातून कधी नाव सुटलं नाही. मालकानं ते ध्यानात ठेवलं होतं. ती घरी आल्याचं कळल्यावर त्यानं स्वतःच निरोप दिला, "सीझनचं काम देतो. पण माह्या मशीनवर मीच बसतो. तुह्यं सोताचं असंन त घरून करून दे."

काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई लोकायच्या लग्नाच्या पत्रिका करीन काय?" मग बहिणीचं तोंड पाहून त्यांचं हसू ओसरलं असावं. म्हणाले, "ठीक हाय. तुळशीचं लगन होऊ दे. तवापर्यंत हिचं काम लागलं, त राहीन इथं, मी त्यायले तसं सांगतो. नाही लागलं, त ते न्याले येतीन. मंग मले मधात घेऊ नोका."

म्हणजे दसऱ्याला लॅपटॉप घ्यायचा, दिवाळीपर्यंत हात बसवायचा, आणि तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांचं काम सुरू करायचं. पैसे तिचे होते. कुठून आले ते सांगत बसत नाही. लोडशेडिंगमुळे बॅटरीवर चालणारा घ्यायचा हे तिनंच ठरवलं.

दसऱ्यालाच का, असं कोणी विचारलं तर मला हसू येईल. दसऱ्याला नाही घ्यायचं तर कधी घ्यायचं? सोयाबीन खळ्यावर पडलं होतं, मळणीयंत्राचा नंबर लागायचा होता, तरी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. दुकानावर झेंडूची तोरणं, दारात रांगोळी, आणि भला मोठा फलक : 'विजयादशमीच्या शुभमुहूर्तावर'. आत पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवाले, फ्रिजवाले, वॉशिंग मशीनवाले, सगळ्यांना मुहूर्त गाठायचा होता.

लॅपटॉपच्या भागात एक तरतरीत सेल्समन होता. आईला पाहताच त्यानं स्टूल आणून दिलं, पाणी आणून दिलं. "मावशी, कोनासाठी घेऊन राह्यल्या? ताईसाठी? वा!" मला बरं वाटलं, आणि तिथंच मी गाफील राहिलो असं नंतर पुष्कळांनी सुनावलं. बहीण मात्र गाफील नव्हती. ती म्हणाली, "उघडून, चालू करून दाखवा."

तो दोन्ही हात जोडून म्हणाला, "ताई, गर्दी पाहून राह्यल्या ना? अन् सील इथं तोडलं, त मंग घरी काय उघडसान? खोकं घरी न्या, मावशीच्या हातानं पूजा करा, अन् मंग चालू करा. नवीन वस्तू हाय. मावशी, बरोबर का नाही?"

"हाव, बरोबर हाय," आई म्हणाली. तिला ते मनापासून पटलं होतं. दुकानदारानं तिच्या मनातलं बोलून दाखवलं याचं तिला अप्रूपही वाटलं. त्यानं वर एक स्टीलचा डबा भेट दिला आणि 'मावशी, पेढे आनजा' म्हणत दारापर्यंत आला.

घरी आलो. आईनं सकाळी निघण्याआधीच अवजारं धुऊन अंगणात मांडून ठेवली होती. दसऱ्याला आमच्याकडे विळे, खुरपी, डवरा, फवारणीचा पंप, मोटरीचे पाने, भाजी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा, सगळं एका ओळीत मांडतात. ज्याच्यावर पोट चालतं ते त्या दिवशी कामाला लावायचं नाही, त्याच्या पाया पडायचं. मोटारसायकल ओळीच्या टोकाला. आईनं बहिणीला सांगितलं, "तुह्यं बी आन. ते बी अवजारच हाय."

बहिणीनं खोकं उघडलं आणि पूजेआधी एकदा चालू करून पाहिलं. पडदा उजळला. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ होती, पोपटी दोऱ्यासारखी. तिनं मला दाखवली. मी म्हणालो, चार्जिंग कमी असेल. मला काय कळतं त्यातलं? ती म्हणाली, काहीतरी सेटिंग असंन, पाहतो मंग. आई ताट घेऊन उभी होती.

मग तो लॅपटॉप खुरप्यांच्या आणि काट्याच्या मधे पाटावर ठेवला, तसाच उघडा आणि चालू. आईनं झेंडूच्या फुलानं सगळ्या ओळीवर पाणी शिंपडलं. लॅपटॉपपाशी आली तेव्हा हात आखडला, दोनच थेंब पडले असतील. मग हळदकुंकवाची बोटं; वडील गेले तरी हा मान आईनं कधी दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. विळ्याला, पंपाला, काट्याला, आणि लॅपटॉपला पडद्याच्या वर, चौकटीवर. अक्षता टाकल्या. वर आपट्याचं पान ठेवलं. बहिणीनं मोबाइलवर फोटो काढला आणि स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'माझं अवजार'. काकांनीही तो पाहिला. संध्याकाळी सोनं द्यायला आले तेव्हा तिच्या हातावर पान ठेवताना म्हणाले, "चालव आता." त्या रात्री आई इतक्या दिवसांनी पोटभर जेवली.

दोन-चार दिवसांत रेघेच्या शेजारी दुसरी रेघ आली. मग पडदा थरथरायला लागला. आणि एका दुपारी बहीण पत्रिकेचा नमुना जुळवत असताना मधेच काळाठिक्कर पडला. चार्जर लाव, काढ, बटण दाबून धर. काही उपयोग नाही. मी म्हणालो गावातल्या मोबाइलवाल्याला दाखवू. बहीण म्हणाली, "नोको दादा. बाहेर उघडलं त वॉरंटी जाते, त्यायनं लिहून देलं हाय."

मग सुरू झाले हेलपाटे.

मी एसटीनं लॅपटॉप पिशवीत घालून गेलो. 'वेलकम सर'. तो तरतरीत सेल्समन मला लांबूनच दिसला आणि टीव्हीच्या भागात गेला. दुसऱ्या एकानं विचारलं, काय पाहिजे. सांगितलं. म्हणाला, अपडेट करा, सॉफ्टवेअरचं असतं. म्हटलं, बाबा, हा चालूच होत नाही तर अपडेट कुठून करू? म्हणाला, मग कंपनीच्या नंबरवर फोन करा, आम्ही फक्त विकतो. मी म्हणालो, दसऱ्याला तुमच्या फलकावर 'विक्री आणि सेवा' लिहिलं होतं. तो म्हणाला, सेवा म्हणजे डिलिव्हरी.

कंपनीच्या नंबरवर बहिणीनं फोन लावला. आधी गाणं. मग भाषा निवडा. मग गाणं. मग हिंदीत गोड बोलणारी एक बाई. तिनं सगळं पहिल्यापासून विचारलं, तक्रारीचा क्रमांक दिला आणि म्हणाली, आपल्याला झालेल्या तकलीफेबद्दल खेद आहे, यंत्र जिथून घेतलं तिथं जमा करा. दुसऱ्या दिवशी फोन लावला तर दुसरी बाई, पुन्हा पहिल्यापासून. बहीण प्रत्येकीला तितक्याच शांतपणे सांगायची. मला नवल वाटायचं आणि रागही यायचा. एकदा मी म्हणालो, "तू इतकं गोड कायले बोलतं त्यायच्याशी?" ती म्हणाली, "दादा, त्या निदान विचारतात त. मॅडम म्हणतात."

दुकानात जमा केला. अकोल्याला सर्व्हिस सेंटरला जाईल, म्हणाले. गेला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. विचारायला गेलं की काउंटरवर दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी तेच उत्तर : पार्ट यायचाय. दिवाळी आली. दुकानात पुन्हा तोरणं लागली, पुन्हा शुभमुहूर्त. आम्ही पार्टची वाट पाहत होतो. मधेच बहिणीच्या मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आपला अनुभव कसा होता ते कळवा. ती खूश होऊन मला शेतात बोलवायला आली. मी हातातली मिरची टाकून तशीच गाडी पकडली. दुकानात म्हणाले, तो संदेश आपोआप जातो, त्याला काही अर्थ नसतो.

छापखान्याच्या मालकानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बहीण म्हणाली, या आठवड्यात लॅपटॉप येईल. तो भला माणूस होता, पण त्याचाही सीझन तोच होता.

शेवटी एक दिवस दुकानातून फोन आला की येऊन भेटा, रिपोर्ट आलाय. आईला त्याच गावात डोळे दाखवायचे होते, म्हणून तीही बरोबर आली. आम्ही तिघंही गेलो. दसऱ्याला गेलो होतो तसेच. या वेळी स्टूल कोणी दिलं नाही. आई फ्रिजच्या खोक्याला टेकून उभी राहिली.

मॅनेजर म्हणून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. म्हणाले, पॅनल खराब आहे, पण ते वॉरंटीत बसत नाही, कारण आत ओल गेली आहे. "लिक्विड डॅमेज. कंपनीची पॉलिसी आहे, सर. माझ्या हातात काही नाही."

"ओल कोठून जाईन?" बहीण म्हणाली. "पहिल्या दिवसापासून रेघ होती. चालू केला तवाच होती."

"ते सगळेच म्हणतात, मॅडम. काही पुरावा आहे का?"

पुरावा होता. तिला किती आनंद झाला ते मी पाहिलं. तिनं मोबाइल काढला, दसऱ्याचा फोटो शोधला, बोटांनी मोठा केला आणि त्यांच्यापुढे धरला. हिरवी रेघ स्पष्ट दिसत होती. "हे पाहा. हे दसऱ्याच्या दिवशी, घरी नेल्या नेल्या."

मॅनेजरनी मोबाइल हातात घेतला. फोटो आणखी मोठा केला, पण रेघेकडे नाही. वर, चौकटीकडे सरकवला. तिथं कुंकवाचं बोट होतं, ओलसर, थोडं ओघळलेलं. मग खाली सरकवला. कळफलकावर दोन थेंब चमकत होते, आणि अक्षता.

"हे काय आहे, मॅडम?"

"पूजा केली," बहीण म्हणाली.

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि बाजूच्या माणसाला बोलावून त्यालाही तो फोटो दाखवला. "पाणी टाकलंय, कुंकू टाकलंय. इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे हो ही. गाईम्हशीसारखं कुंकू लावलं तर कसं चालेल?"

बाजूचा माणूस हसला. आणखी एक-दोघं वळून पाहू लागले. माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "तुमच्याच माणसानं सांगितलं, उघडून दाखवत नाही, घरी नेऊन पूजा करा म्हणून! बोलवा त्याला!" तर म्हणाले, तो दसऱ्यापुरता होता, आता कामाला नाही. खोटं. तो टीव्हीच्या भागात उभा होता. मी बोट दाखवलं तर तो पाठमोरा झाला. मी म्हणालो, "आमचा इलेक्ट्रॉनिक काटा दर दसऱ्याला कुंकू लावून घेतो, अजून एका ग्रॅमनं चुकला नाही." तर म्हणाले, तो वेगळा.

मग मला काउंटर दिसला. त्यांचा बिलं करायचा कॉम्प्युटर. त्याच्या पडद्याच्या वरच्या कडेला वाळलेला झेंडूचा हार अजून लोंबत होता, आणि चौकटीच्या मधोमध कुंकवाचं बोट, त्यावर चिकटलेले दोन तांदूळ. "अन् हे?" मी ओरडलो. "हे काय हाय? हा चालून राह्यला ना? याच्यात ओल काऊन नाही गेली?"

मॅनेजरनी त्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तो आमचा आहे, सर. त्याचा क्लेम कोणी मागत नाहीये."

या गडबडीत आईचा मला विसर पडला होता. ती खोक्यापासून निघून काउंटरपाशी आली होती. तिनं मॅनेजरना विचारलं, "म्हंजे मी केलं का?"

"आई, तू गप राह्य," मी म्हणालो.

"सांगा ना साहेब. माह्या हातानं झालं का?"

मॅनेजर म्हणाले, "आता फोटोच आहे ना, मावशी." अगदी मऊ आवाजात म्हणाले. बहुधा त्यांना ती समजूत घालणंच वाटलं असेल.

आईनं हात जोडले. "साहेब, चूक माह्यी हाय. पोरीची काहीच नाही. मले समजलं नाही. तिचं काम जाईन हो. एवढ्या बारीनं करून द्या, पुन्हा हात नाही लावणार मी."

मी खूप लोकांसमोर उभा राहिलो आहे, बाजारात दलालांशी आईबहिणीवरून भांडलो आहे. पण त्या गार दुकानात आई हात जोडून उभी होती तेव्हा मला जितकं लहान झाल्यासारखं वाटलं तितकं कधी वाटलं नाही. बहिणीनं तिचे जोडलेले हात धरून खाली केले. "माय, चाल." मॅनेजर म्हणाले, पैसे भरून दुरुस्ती होईल, पार्टला वेळ लागेल. मी लॅपटॉप मागितला. तो खोक्यात घालून, वर चिकटपट्टी लावून दिला. दारातून निघताना मागून कोणीतरी म्हणालं, 'थँक यू सर, व्हिजिट अगेन.'

डोळ्यांच्या डॉक्टरकडे आई आली नाही. एसटीत खिडकीशी बसली, उजव्या हाताचं बोट पदराला पुसत राहिली. बोटाला काही लागलेलं नव्हतं. बहीण सगळ्या वाटेवर तेच सांगत होती, "माय, रेघ पहिलेच होती. तू हात लावायच्या आधी होती. दादानं बी पाहिली. इचार दादाले."

"हाव," आई म्हणायची. "तू म्हणतं त असंन."

तिला पटलं नाही. मी सांगितलं, तरी पटलं नाही. आम्ही तिची पोरं. आम्ही तिला बरं वाटावं म्हणून बोलणारच. आणि शर्टाला इस्त्री केलेला माणूस परका; तो कशाला खोटं बोलेल? असं तिचं गणित. मी ग्राहक मंचात जाईन म्हणालो, दोन ठिकाणी विचारूनही आलो. लागतील तितके महिने लागतील, म्हणाले. आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंतचेच दिवस होते.

छापखान्याच्या मालकानं दुसऱ्या एकाला काम दिलं. सांगायला स्वतः घरी आला, चहाही घेतला, पुढच्या सीझनला नक्की म्हणाला. बहिणीनं त्याला एक चूक सांगितली. नव्या माणसानं जुळवलेली पहिली पत्रिका त्यानं दाखवायला आणली होती, त्यात मुलाच्या आत्याचं नाव सुटलं होतं. तो खजील होऊन गेला.

तुळशीचं लग्न आईनं लावलं, पण कसं ते मला दिसलं. दरवर्षी ती वृंदावनाला स्वतः हळदकुंकू लावते. त्या वर्षी शेजारच्या काकूंना म्हणाली, "तुम्ही लावा." काकूंना वाटलं, मान दिला.

काकांनी शब्द पाळला. त्यांनी सुलतानपूरच्या बाजूला फोन केला. मी त्यांच्याशी कडाक्याचं भांडलो. म्हणालो, दुरुस्त करून आणतो, थोडे दिवस थांबा. ते म्हणाले, "मी नाही म्हनलं का? सांगतल्यापरमानं थांबलो ना मी? आता लोक मले हसून राह्यले. पूजेनं कम्पुटर मारला म्हनतात." मी म्हणालो, मी जिवंत असेपर्यंत ती जाणार नाही. तेव्हा बहीण आतून बाहेर आली. म्हणाली, "दादा, पुरे. मी जातो." मी तिला किती समजावलं. ती म्हणाली, "मी इथं राह्यलो त माय रोज माह्या तोंडाकडे पाहीन, अन् रोज तिले वाटीन का तिच्यानं झालं. मले ते पाहवत नाही." आणि तिनं पेटी भरायला घेतली. लॅपटॉपचं खोकं तिनं माळ्यावर ठेवलं. चिकटपट्टी तशीच होती.

न्यायला तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, आला, चारचाकी घेऊन. नवरा आला नाही. जेठ अंगणात खाटेवर बसला, काकांशी सोयाबीनचं बोलला, माझ्याशी पावसाचं बोलला. चहा नेऊन दिला तो बहिणीनं. त्यानं कप घेतला आणि काकांना म्हणाला, "साखर कमी हाय."

निघायची वेळ झाली. आईनं तिला पाटावर बसवून ओटी भरली. गहू, खण, नारळ. मग करंडा उघडला, कुंकवात बोट बुडवलं आणि बोट तिच्या कपाळापर्यंत नेलं. तिथं ते थांबलं. कपाळापासून एवढंसं अंतर असेल. बहीण डोळे मिटून, मान वर करून बसली होती, लहानपणी बसायची तशी. तिनं थोडी वाट पाहिली आणि डोळे उघडले.

"लाव ना माय."

"माह्या हातानं नोको," आई म्हणाली. तिनं हात मागे घेतला आणि बोट पदराला पुसलं. "तूच लाव. माह्या हाताचं खराब होते."

"माय, रेघ पहिलेच होती वं," बहीण म्हणाली. तोपर्यंत ती रडली नव्हती.

आईनं करंडा तिच्यापुढे सरकवला. बहिणीनं स्वतःच्या बोटानं स्वतःला कुंकू लावलं. आरसा नव्हता, ते थोडं तिरपं लागलं. ती उठली, आईच्या पाया पडली, काकांच्या पडली, माझ्यापाशी आली तेव्हा मी तिला वाकू दिलं नाही.

जेठ गाडीपाशी उभा होता, दार उघडून. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बसाले म्हणावं," तो मला म्हणाला. "उशीर होऊन राह्यला."

मी तिला काही म्हणालो नाही. तिनं ऐकलंच होतं. ती बसली.